दत्तक की प्रतिपालकत्व? ख्रिस्ती बापाने ठरवण्याआधी

अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हा देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्म आहे, असं याकोबाच्या पत्रात (1:27) सांगितलं आहे. हे वचन ऐकून आपणही एखादं मूल घरी आणावं, असं वाटणारे बाप मंडळीत (चर्चमध्ये) पुष्कळ भेटतात. पण समाचार कसा घ्यायचा, हे वचनात ठरवून दिलेलं नाही. कायमचं दत्तक, काही काळापुरतं प्रतिपालकत्व, नात्यातल्या मुलाचा सांभाळ, किंवा मूल आपल्या आईजवळच राहावं म्हणून त्या आईला आधार, असे निदान चार रस्ते आहेत. माझं मत आधीच सांगतो. यातला कोणता रस्ता जास्त पवित्र, असा विचार करू नका. या मुलाकडे काय नाही, आणि ते मला वर्षानुवर्षं देता येईल का, एवढंच पाहा.

कायमचं नातं आणि काही काळाचं नातं

दत्तकाचा आदेश झाला की कायद्याने तुम्ही बाप. नाव तुमचं, वारसा तुमचा, सही तुमची. मूल आजारी पडलं, अभ्यासात मागे पडलं, पंधराव्या वर्षी दार आपटून निघून गेलं, तरी नातं मोडत नाही. प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्र (रोमकरांस पत्र) लिहिताना दत्तकाची भाषा वापरली, तेव्हा ऐकणाऱ्यांना रोमन कायदा ठाऊक होता. दत्तक पुत्र हा पूर्ण वारस असे. म्हणूनच दत्तकपणाचा आत्मा मिळाल्याचं सांगून (8:15) पौल लगेच वारसाकडे वळतो (8:17).

आणि योसेफ, येशूची आई मरीया हिचा पती. मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ दाविद राजापासून योसेफापर्यंत येते. येशू त्याच्या रक्ताचा नाही, हे मत्तय लपवत नाही. देवदूत योसेफाला सांगतो, बाळाचं नाव तू ठेव, आणि तो ठेवतो (1:21, 25). नाव ठेवून त्याने ते मूल आपलं मानलं. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नाही. तो रात्री उठतो, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरात जातो. दत्तक बापाने काय करायचं, याचं याहून स्पष्ट चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

प्रतिपालकत्वाचं काम वेगळं आहे. इथे मुलाचे आई-वडील बहुतेक वेळा हयात असतात. कुणी व्यसनात अडकलेलं, कुणी तुरुंगात, कुणी मनाने खचलेलं. मूल तुमच्या घरी झोपतं, तुमच्या हातून औषध घेतं, पण मोठे निर्णय न्यायालय किंवा बालकल्याणाची यंत्रणा घेते. आई सावरली तर मूल तिच्याकडे परत जातं. तो दिवस तुमच्यासाठी रडण्याचा असतो, आणि तुमचं काम यशस्वी झालं असंही तोच दिवस सांगतो. ज्याला हे दोन्ही एकाच वेळी झेपेल, त्याने या वाटेला जावं. मूल राहिलंच पाहिजे, अशी गाठ मनात बांधून प्रतिपालक होऊ नका. मग नकळत तुम्ही त्या आईच्या अपयशाची वाट पाहू लागता, आणि मुलाला ते कळतं.

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक जमलं नाही म्हणून केलेली तडजोड, असं काही जण समजतात. तसं नाही. बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयांतली 136 लहान मुलं होती. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची व्यवस्था आधीसारखीच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि मोठ्यांशी असलेला जिव्हाळा यांत स्पष्ट सुधारणा दिसली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत ती सर्वांत जास्त होती. हे काम ज्यांनी केलं ते दत्तक पालक नव्हते. एका माणसाने रोज जवळ असणं, एवढ्याने लहान जिवाचं किती भलं होतं, ते इथे दिसलं.

श्रद्धेचा प्रश्न, ज्यावर मंडळीत कमी बोललं जातं

दत्तक मूल तुमच्या घरची प्रार्थना ऐकत वाढेल. ते तुमचंच मूल आहे, त्याला तुमच्या श्रद्धेत वाढवणं तुमचा हक्कही आहे आणि जबाबदारीही. पण आठ-दहा वर्षांचं मूल कदाचित आपली श्रद्धा, आपल्या प्रार्थना, आपले सण घेऊन येईल. ते एका दिवसात पुसायला जाऊ नका.

प्रतिपालकत्वात मर्यादा अधिक कडक आहे. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं विसावं कलम सांगतं की मुलाला पर्यायी घर देताना त्याची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी विचारात घ्यावी. मुलाचे आई-वडील दुसऱ्या धर्माचे असतील, तर त्यांच्या संकटाचा फायदा घेऊन मुलाचा बाप्तिस्मा उरकणं चूक आहे. असं केलं तर त्या आईला वाटेल की आधी माझं मूल गेलं, आता माझा देवही नेला. जेवणाआधी आपण प्रार्थना करावी, मुलाला जबरदस्ती करू नये, त्याने विचारलं तर खरं उत्तर द्यावं. प्रेमाची साक्ष एवढ्यानेही पोचते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्या बापाला हे पटत नसेल, त्याने प्रतिपालकत्वाचा अर्ज करू नये.

मोशेची गोष्ट इथे फार कामाची आहे. मिसरच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, मुलीने बाळ मोशेला नदीतून काढलं, पण दूध पाजायला आली ती त्याची सख्खी आई (निर्गम 2:7-9). मग तो राजकन्येचा मुलगा झाला, तरी मोठेपणी आपली माणसं कोण हे त्याला ठाऊक होतं. दत्तक असो वा प्रतिपालकत्व, मुलाच्या आधीच्या आयुष्याला घरात जागा हवीच. जन्मदात्यांबद्दल वाईट बोलू नका, आणि दत्तकाची गोष्ट लपवू नका. समज येण्याआधीपासून साध्या शब्दांत सांगत राहा.

तान्हं बाळ की मोठं मूल

तान्ह्या बाळासाठी अर्ज करणारे जास्त, म्हणून वाट लांबची. मोठी मुलं, भावंडांची जोडी, विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी घरं कमी. गरज जिथे जास्त तिथे जावं, हे श्रद्धेच्या दृष्टीने बरोबरच, पण तयारीशिवाय नको. अनेक घरं बदललेलं मूल तुमची परीक्षा घेईल. ते अन्न लपवून ठेवेल, खोटं बोलेल, जवळ घेतलं की अंग आक्रसून घेईल. हे कृतघ्नपणाने होत नाही, भीतीने होतं. रोमकरांस पत्राच्या एकाच अध्यायात पौल म्हणतो की दत्तकपण मिळालं आहे (8:15) आणि त्याची आपण वाट पाहत आहोत (8:23). मोठं मूल घेणाऱ्या बापाने ही दोन्ही वचनं एकत्र वाचावीत. आदेशाचा कागद एका दिवशी हातात येतो, 'बाबा' ही हाक कधी कधी फार उशिरा येते.

बाकीचे दोन रस्ते

नात्यातलं मूल सांभाळणं हा सर्वांत जुना रस्ता. मर्दखयाने आपल्या चुलत्याची मुलगी एस्तेर हिला आई-बाप वारल्यावर मुलीसारखं वाढवलं (एस्तेर 2:7). मुलाची माणसं, आठवणी, भाषा शाबूत राहतात. नात्यातले जुने वाद मात्र आधी मिटवा.

मूल केवळ गरिबीमुळे दूर केलं जात असेल, तर आधी त्या कुटुंबाला उभं करा. 2009 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की फक्त गरिबी हे मूल आई-बापांपासून तोडण्याचं कारण होऊ नये. ख्रिस्ती उपदेशक जॉर्ज म्युलरने 1836 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला अनाथगृह उघडलं आणि आयुष्यभरात दहा हजारांहून अधिक मुलांची काळजी घेतली. त्याच्या विश्वासापुढे मी नतमस्तक आहे. पण आज पैसे द्यायचे असतील, तर मोठ्या वसतिगृहापेक्षा आई आणि मूल एकत्र ठेवणाऱ्या कामाला मी देईन.

घरातलं मत

बायकोचं मन तयार नसताना देवाने मला सांगितलं आहे, असं म्हणून तिला ओढू नका. योसेफाला स्वप्न पडलं, पण मरीयेनेही आधी स्वतः होकार दिला होता (लूक 1:38). घरात मुलं असतील तर त्यांनाही विचारा आणि त्यांची भीती ऐकून घ्या. समाजसेविका घरी चौकशीला येईल तेव्हा कर्ज, आजार, भांडणं काही लपवू नका. तिच्याकडून मुलाचा पूर्वेतिहास, आरोग्याची कागदपत्रं आणि आधी किती घरं बदलली हे मागून घ्या.

घरात एकाचंही मन मागे असेल तर थांबा. तोवर मंडळीतल्या एखाद्या प्रतिपालक कुटुंबाची मुलं महिन्यातून दोन दिवस सांभाळा, म्हणजे त्या आई-बाबांना विसावा मिळेल आणि परक्या मुलाला रात्री झोपवणं काय असतं, हे तुम्हा दोघांनाही कळेल. त्यानंतर पुन्हा बसून बोला.