होमस्टेचं अ‍ॅप पावसाळ्यापासून वापरल्यावर: दर चुकला म्हणून बुकिंग रद्द झालं, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

हे अ‍ॅप मी गेल्या पावसाळ्यापासून वापरते आहे. आमच्या घरात माझे आई-बाबा, सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि आम्ही दोघं, म्हणजे हॉटेलच्या तीन खोल्या घेण्यापेक्षा एक अख्खं घर घेणं आम्हाला परवडतं आणि सोयीचंही पडतं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे लिहिलं आहे ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक अ‍ॅपना लागू पडतं, आणि मला बोलायचंय ते त्या पद्धतीबद्दल.

आधी चांगलं सांगते. तळमजल्यावरची खोली, कमोड, घरगुती जेवण, गाडी लावायला जागा, हे सगळं निवडून शोधता येतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे आमच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. दापोलीपासून मालवणपर्यंत जिथे जिथे राहिलो तिथली घरं फोटोत होती तशीच निघाली. आम्ही स्वतः एक बुकिंग रद्द केलं तेव्हा पैसे सांगितलेल्या मुदतीत खात्यात आले. सेवाशुल्क शेवटच्या पानावर दिसतं, हे मला आवडत नाही, पण त्यासाठी मी तारे कापले नसते.

तारे कापले ते वर्षअखेरच्या बुकिंगसाठी. ऑगस्टमध्ये आम्ही गोव्यात शिवोलीला तीन बेडरूमचं घर घेतलं, २९ डिसेंबर ते १ जानेवारी, रात्रीला ११ हजार रुपये. त्या दिवशी त्याच भागातली तशीच घरं १४ ते २० हजारांना दिसत होती. म्हणजे आमचं घर स्वस्त होतं, पण डोळे विस्फारावेत इतकं नाही. बुकिंग पक्कं झालं, पैसे कापले गेले, मालकाच्या व्यवस्थापकाने स्वागताचा मेसेज पाठवला, किती माणसं येणार तेही विचारून घेतलं. रेल्वेची तिकिटं आता ६० दिवस आधी सुटतात (नोव्हेंबर २०२४ आधी १२० दिवस मिळायचे), तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटी ठाण्याहून थिवीपर्यंतची कोकणकन्याची तिकिटं काढली. स्टेशनवर टॅक्सी सांगून ठेवली आणि तिचा आगाऊ भरणाही केला.

डिसेंबर उजाडल्यावर त्या व्यवस्थापकाचा फोन आला. "मॅडम, सीझनचा रेट टाकायचा राहून गेला. खरा रेट २६ हजार आहे. फरक भरा, नाहीतर तुम्ही तुमच्या बाजूने कॅन्सल करा, मी पूर्ण पैसे परत मिळवून देतो."

या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. मालकाने रद्द केलं तर बहुतेक अ‍ॅप त्याला दंड लावतात, त्या तारखा त्याच्या कॅलेंडरवर बंद करतात, शोधात त्याचं घर खाली जातं. एअरबीएनबीने २०२२ पासून यजमानाने रद्द केल्यास दंड ठरवून दिला आहे: ३० दिवसांहून आधी रद्द केलं तर बुकिंगच्या १० टक्के, ३० दिवस ते ४८ तास या काळात २५ टक्के, त्यानंतर ५० टक्के. पाहुण्याने स्वतः रद्द केलं की यातलं काहीच मालकाला लागत नाही. उलट नोंद अशी होते की पाहुण्याचा बेत बदलला, आणि परतावा पाहुण्याला लागू असलेल्या नियमाप्रमाणे मिळतो. म्हणजे दर टाकायला विसरला मालक आणि रद्द केल्याचा शिक्का माझ्यावर. मी नकार दिला आणि जे काही आहे ते अ‍ॅपच्या चॅटवर लिहा असं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनीच रद्द केलं. कारण दिलं, "दरातील चूक". त्याच रात्री दुसऱ्या एका साइटवर तेच घर त्याच तारखांना २६ हजारांत मोकळं दिसत होतं.

अ‍ॅपने काय केलं? पैसे परत दिले, तीन महिन्यांत संपणारं दीड हजारांचं कूपन दिलं आणि "तुम्हाला आवडतील अशी घरं" म्हणून एक यादी पाठवली. त्या यादीतलं सगळ्यात स्वस्त घर २४ हजारांचं होतं.

त्यानंतर मी या विषयात खोल शिरले. मला खरंच समजून घ्यायचं होतं की मालकाची बाजू कितपत खरी असू शकते. तर दर चुकण्याची कारणं अगदी रोजची आहेत. एकच घर तीन-चार साइटवर असतं. साइट एकमेकींशी कॅलेंडरने जोडलेल्या असतात, पण साधी कॅलेंडर-जोडणी फक्त तारीख भरलेली आहे की मोकळी एवढंच पुढे कळवते, दर कळवत नाही. त्यामुळे मालक एका ठिकाणी नाताळाचा दर चढवतो आणि दुसऱ्या ठिकाणी पावसाळ्याचाच राहतो. हे टाळायला पैसे देऊन वेगळी यंत्रणा घ्यावी लागते, आणि चार खोल्यांच्या घराला ती दर वेळी परवडत नाही. अशा चुकीत लबाडी नसते, हे मला मान्य आहे.

कोकणात एक वेगळीच चूक होते, आणि ती आम्ही जवळून पाहिली. आपल्याकडे घरगुती राहण्याचा भाव माणशी सांगतात, नाश्ता-जेवण धरून. अ‍ॅपमध्ये मात्र रकाना असतो खोलीच्या दराचा. आंजर्ल्याच्या एका काकूंनी माणशी १,५०० रुपये तिथे खोलीचा दर म्हणून भरले होते. आम्ही बुकिंग केलं त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अगो, तो माणशी भाव आहे, पोराने चुकीच्या जागी टाकलान. तुम्ही घर बघून ठेवलंत, आता तुम्हाला नाही कसं म्हणू? जेवणाचे तेवढे वेगळे द्या, खोली त्याच भावात." चूक निस्तरावी ती अशी: मालक चूक त्याच दिवशी सांगतो, पाहुण्याचं अजून काही अडकलेलं नसतं, आणि नुकसानीतला काही वाटा तो आपणहून उचलतो. आम्ही जेवणाचे पैसे आनंदाने दिले, आणि काकूंकडे पुन्हा जाणार आहोत.

या माणशी-खोली गोंधळाला कायद्याच्या इतिहासात एक सख्खा भाऊ आहे. १९३९ साली लंडनच्या कोर्टात सशांच्या ३० हजार कातड्यांचा खटला चालला. व्यापारात भाव नगावर ठरत असे, आधीची बोलणीही नगावरच झाली होती, पण विक्रेत्याने अखेरच्या पत्रात तोच आकडा वजनावर, म्हणजे दर पौंडाला, असा लिहिला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे भाव एक तृतीयांशावर आला. खरेदीदाराने तेच पकडून माल मागितला. कोर्टाने दिला नाही, कारण ही चूक आहे हे खरेदीदाराला कळलेलं असणारच, असं ठरलं. सिंगापूरमध्ये तर ३,८५४ डॉलरचा प्रिंटर वेबसाइटवर चुकून ६६ डॉलरला लागला होता, आणि सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. २००४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. मला हे दोन्ही निकाल पटतात. ३,५०० ऐवजी ३५० पडले असतील तर त्या दराने हक्क सांगत कोणाच्या घरात जाऊन राहावं, असं मला वाटत नाही. बुकिंग डॉट कॉमच्या अटींतही हेच आहे: आलिशान सूट चुकून एका युरोला लागला तर ते बुकिंग बंधनकारक नाही.

पण ११ हजार म्हणजे एक युरो नव्हे. पावसाळ्यात बुक केलं म्हणून थोडं स्वस्त मिळालं, असंच कोणालाही वाटलं असतं. आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २२ सांगतं की एकाच पक्षाची वस्तुस्थितीबद्दल चूक झाली एवढ्या कारणाने करार मोडीत काढण्याजोगा ठरत नाही. दोन्ही पक्षांची मुळाशीच चूक असेल तर कलम २० प्रमाणे करार रद्दबातल ठरतो, पण इथे तसं काहीच नव्हतं. समोरच्याची चूक मला कळली होती का, किंवा कळायला हवी होती का, हा खरा प्रश्न आहे. आणि मालक चार महिने गप्प राहिला, मधल्या काळात स्वागताचे मेसेजही पाठवले, याचं वजन त्याच्या "चूक झाली" या शब्दापेक्षा कमी कसं धरायचं?

दुसरा प्रश्न त्या बुकिंगवर भरवसा ठेवून पाहुण्याने केलेल्या खर्चाचा. विमान तिकिटांबाबत अमेरिकेच्या वाहतूक खात्याने मे २०१५ मध्ये जी भूमिका घेतली ती मला फार समजूतदार वाटते. भाडं चुकून लागलं असेल तर कंपनीने तिकीट रद्द करावं, पण ती खरोखर चूक होती हे सिद्ध करावं आणि त्या तिकिटाच्या भरवशावर प्रवाशाने केलेला वाजवी खर्च, रद्द न होणारं हॉटेल वगैरे, भरून द्यावा. घरांच्या बुकिंगला हाच नियम लावला तर निम्मी भांडणं मिटतील.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आहेत. त्यांत म्हटलं आहे की ई-कॉमर्स कंपनी एकतर्फी रद्द केल्यावर स्वतः तसाच आकार भरणार नसेल, तर तिने ग्राहकाकडूनही रद्द करण्याचा आकार घेऊ नये. वाचून मला हुरूप आला. मग व्याख्या वाचली. त्यात अ‍ॅपसारख्या मंचावर विकणाऱ्या विक्रेत्याला, म्हणजे इथे घरमालकाला, ई-कॉमर्स कंपनीतून वगळलं आहे. साहजिकच अ‍ॅप म्हणतं, "आम्ही कुठे रद्द केलं? मालकाने केलं." पाहुण्याने त्याच टप्प्यावर रद्द केलं असतं तर निम्मे पैसे कापण्याची अट त्याच अ‍ॅपवर आहे. ही फट बुजवायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण पैसे घेताना समोर अ‍ॅप असतं आणि भरपाई मागायची वेळ आली की मालकाकडे बोट दाखवलं जातं.

तरी या नियमांचा उपयोग झाला. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं त्यांत आहे. मी कूपन नाकारून लेखी तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद केली. महिना संपायच्या आत टॅक्सीचा आगाऊ भरणा आणि कूपनाएवढी रक्कम खात्यात आली. दरातला फरक दिला नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आई-बाबांची दुखणी-खुपणी चालू असताना मी तेवढ्यावर थांबायचं ठरवलं.

सुट्टी वाया गेली नाही. शिरोड्याला दोन खोल्यांचं घर मिळालं, रात्रीला १६ हजार, आणि तिकीट थिवीचंच असल्याने आम्ही थिवीच्या आधीच सावंतवाडीला उतरलो. पण जास्तीचे पैसे आमचे गेले, आणि बाबांनी मित्रांना गोव्यात भेटायला बोलावलं होतं ते राहिलं.

ज्यांना हे अ‍ॅप वापरायचं आहे त्यांनी सणासुदीचं बुकिंग केल्या केल्या अ‍ॅपच्या चॅटवरच मालकाला विचारावं: या तारखांचा हा दर बरोबर आहे ना, आणि तो अख्ख्या घराचा की माणशी? तो "हो" म्हणाला की नंतर चुकीची सबब टिकत नाही. "नाही" म्हणाला तरी तिकिटं काढायच्या आत कळतं. त्याच दिवशी आजूबाजूच्या घरांच्या दरांचेही स्क्रीनशॉट ठेवा; आमच्या तक्रारीत तेच सगळ्यात जास्त कामी आले. फोनवर काही ठरवू नका. आणि कोणी कितीही गोड बोललं तरी आपल्या बाजूने रद्द करू नका.

अ‍ॅपकडून माझी मागणी एवढीच आहे: दर चुकला असेल तर मालकाने बुकिंगनंतर २४ तासांत सांगावं. त्यानंतर, आकडा उघड उघड अशक्य नसेल तर, बुकिंग पाळावं किंवा पाहुण्याला तसंच दुसरं घर देऊन वरचा फरक मालकाच्या पुढच्या पैशांतून वळता करावा. पाचपैकी तीन तारे. इतर दिवसांच्या कोकणातल्या घरांसाठी मी हे अ‍ॅप वापरत राहीन. नाताळ आणि मे महिन्यासाठी मात्र ही सोय होईपर्यंत थेट घरमालकांशी बोलून, लेखी घेऊनच बुकिंग करणार आहे.