पणसायमळची एकदिवसीय सहल : कातळ उत्तम, निवेदन कच्चे

गोव्याच्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर, पणसायमळ येथील जांभ्या कातळावर, आदिमानवाने कोरलेली शंभराहून अधिक चित्रे आहेत. उसगाळीमळ या नावानेही हे ठिकाण ओळखले जाते. मडगावहून निघणारी एक सहल ‘नवाश्मयुगीन वसाहत आणि तिचे समूहजीवन’ या नावाने (नवाश्मयुग म्हणजे शेती, पशुपालन आणि घासलेली दगडी हत्यारे यांचा काळ) जाहीर झाली आहे आणि माणशी अठराशे रुपयांत मिनीबसचा प्रवास, वाटाड्याचे मार्गदर्शन, दुपारचे जेवण व रिवणच्या गुहा असा तिचा कार्यक्रम आहे. ठिकाण अवश्य पाहावे, या सहलीने मात्र सध्या जाऊ नये, असे माझे मत झाले असून त्याची कारणे पुढे देत आहे.

पहिला आक्षेप नावालाच आहे. पणसायमळला घरांचे पाये, चुली किंवा धान्याचे रांजण यांपैकी काहीही पाहायला मिळत नाही. वसाहत पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्या आमच्या काही सहप्रवाशांची त्यामुळे उघड निराशा झाली. येथे आहे ती माणसांनी पुन्हा पुन्हा येऊन कोरलेली शिळा. वशिंडाचे बैल, हरणे, मोर, मानवाकृती, पावलांचे ठसे, वाटीसारखे लहान खळगे आणि ज्याला सगळे चक्रव्यूह म्हणतात ती वर्तुळाकार आकृती, एवढे सारे एकाच कातळावर आहे. उघड्यावर राहिलेला जांभा टणक होत जातो, त्यामुळे त्याच्यावर दगडाने ठोकून एक रेघ उमटवणेही कष्टाचे काम आहे. एवढी चित्रे कोरायला अनेक हात आणि पुष्कळ वेळ लागला असणार, आणि ज्या समाजाने तेवढी माणसे पोटामागच्या धावपळीतून या कामासाठी मोकळी केली त्याच्याविषयी काही अंदाज नक्कीच बांधता येतो. समूहजीवनाचा धागा येथे सापडतो, पण आमच्या वाटाड्याने तो हातीच घेतला नाही.

त्याने सांगितले ते आकडे. ‘तीस हजार वर्षांपूर्वीची चित्रे’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा उच्चारले की आमच्यातील शाळकरी मुलांना ते पाठ झाले. जांभ्यावर कोरलेल्या रेघेत कालमापनासाठी लागणारे सेंद्रिय द्रव्य नसते, म्हणून अशा चित्रांचा काळ मुख्यतः शैली, विषय आणि हत्यारांच्या खुणा यांवरून ठरवावा लागतो आणि अभ्यासकांची मते त्यामुळेच वेगवेगळी आहेत. शिवाय हे बैल पाळीव मानायचे असतील तर तीस हजार हा आकडा टिकत नाही, कारण दक्षिण भारतात गुरे पाळणाऱ्या नवाश्मयुगीन वस्त्या इसवी सनापूर्वी सुमारे ३००० पासून दिसू लागतात. चक्रव्यूहाशी जुळणारी आकृती तर ग्रीसच्या क्रीट बेटावरील क्नोसॉस या प्राचीन नगराच्या, म्हणजे कितीतरी नंतरच्या काळातल्या, नाण्यांवर आहे. तेव्हा कातळावरचे सगळे काम एकाच युगातले आहे, हे गृहीत धरणेही धाडसाचे ठरेल. हे सर्व पाच मिनिटांत सोप्या भाषेत सांगता आले असते.

घाटापलीकडे कर्नाटकातील बळ्ळारी परिसरातील संगनकल्लू आणि टेक्कलकोटा, तसेच तेलंगणातील उतनूर येथे झालेल्या उत्खननांतून त्या काळच्या जगण्याचे तपशील मिळाले आहेत. घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी, हाताने घडवलेली मडकी, गुरांचे गोठे आणि वर्षानुवर्षे जाळलेल्या शेणाच्या राखेचे ढिगारे तेथे सापडले. संगनकल्लू-टेक्कलकोटा भागातील लोक कुळीथ आणि मूग पिकवत. पणसायमळचे लोक तेच होते असे कोणी म्हणू नये, पण कातळावरचा बैल पाहताना हे संदर्भ कानावर पडले असते तर पाहणाऱ्याला त्या बैलामागचा माणूसही थोडासा दिसला असता. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ठिकाणांबरोबर पणसायमळही आहे, एवढ्याचाही उल्लेख झाला नाही. तिकडची बरीच चित्रे उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहेत आणि इथली नदीला लागून, हा फरक तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा.

वेळेचे नियोजन हा दुसरा मोठा दोष. आम्ही कातळावर पोचलो ते ऐन दुपारी, जेव्हा ऊन सरळ डोक्यावरून पडते, रेघांत सावली राहत नाही आणि निम्मी चित्रे दिसेनाशी होतात. तेथील राखणदाराने कळशीभर पाणी ओतले तेव्हा चक्रव्यूहाची वळणे एकेक करून उठून आली. त्या दिवसाचा सर्वांत चांगला भाग तोच, आणि तो सहलीच्या पैशांत मोडत नव्हता. ही चित्रे तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर पाहावीत. भर पावसात जाऊ नये, कारण कुशावतीचे पाणी कातळावर चढते.

जेवणाला ‘आदिमानवाची थाळी’ असे नाव होते. कुळथाची पिठी चवदार होती आणि विषयाला धरूनही होती. मात्र तिच्याबरोबर मिरचीचे लालभडक तोंडीलावणे आणि ओल्या काजूची भाजी वाढण्यात आली. मिरची आणि काजू ही दोन्ही पोर्तुगीज काळात अमेरिकेतून आली, हे गोव्यात तरी सांगावे लागू नये. जेवण म्हणून तक्रार नाही, नावाबद्दल आहे. रिवणच्या गुहा फार नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या आहेत. तेथे आम्हांला जेमतेम छायाचित्रे काढण्यापुरता वेळ मिळाला.

बस स्वच्छ होती, चालक सावकाश चालवणारा होता आणि ज्येष्ठांना उतरताना हात देण्याइतका आदबशीरही, हे नोंदवायलाच हवे. परतल्यावर आयोजकांना या सूचना लेखी कळवल्या. हिवाळ्यात पहाटे निघणारी फेरी सुरू करण्याचा विचार असल्याचे त्यांचे उत्तर आले, वाटाड्याच्या निवेदनाविषयी मात्र त्यात काही नव्हते. तोपर्यंत स्वतःचे वाहन असलेल्यांनी तिळामळ-रिवण मार्गाने सकाळीच पोचावे, राखणदाराला विनंती करून पाणी ओतून घ्यावे आणि कातळावर पादत्राणे काढूनच चढावे.