पुणे-पाचगणी-पुणे बीआरएम: फी भरली, मदत नाही मिळाली, तक्रार मात्र एकच

पैसे भरून मिळतं काय, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं: एक पुठ्ठ्याचं कार्ड. बीआरएम म्हणजे क्लबने आखलेला रस्ता ठरलेल्या वेळात सायकलवर पुरा करायचा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. नंबर काढत नाहीत, मागून गाडी येत नाही, पंक्चर झालं तर ज्याचं त्याने बघायचं. पहिल्याला आणि शेवटच्याला मेडल एकच, तेही हवं असेल तर वेगळे पैसे देऊन. मी ४९ वर्षांची, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, सायकल साधी हायब्रिड. जानेवारीत पहिल्यांदाच उतरले. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण ती एक तक्रार पुढे येते आहे.

आधी चांगलं. पहाटे सव्वापाचला तपासणी होती आणि ती खरोखर झाली. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जॅकेट. माझं जॅकेट विंडचीटरच्या आत होतं. विशीतला एक पोरगा म्हणाला, "काकू, हे वरून घाला, मग कार्ड देतो." 'काकू' जरा लागलं, पण सहाला सुटून अंधारात जुना कात्रज घाट चढताना वळणावळणावर लाल दिव्यांची माळ दिसली तेव्हा त्याला मनातल्या मनात माफ केलं.

बोगद्यानंतर शिंदेवाडी, खेड शिवापूर, कापूरहोळ. हायवे म्हणजे हायवे, त्यावर काय लिहायचं. शिरवळच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, दोनशे मीटरवर पुन्हा फुस्स. मग शहाणपण सुचलं. टायर उलटं करून आतून जुना रुमाल फिरवला, तो एका जागी अडकला. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार. बाहेरून दिसतही नव्हती. नखांनी निघेना, शेवटी दाताने ओढली (घरी सांगितलेलं नाही). पंचेचाळीस मिनिटं गेली. क्लबचे तिघं जण जाताना "पंप आहे ना?" एवढंच विचारून पुढे गेले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, विचारायचं तेवढंच होतं.

खंबाटकीत ट्रक माझ्याच वेगाने चढत होते. एकाच्या केबिनमधून क्लीनर ओरडला, "मावशी, साखळी धरा, वर सोडतो!" धरली असती तर बाद. पण मदत देऊ करणारा तो दिवसभरातला पहिलाच.

सुरूर फाट्यावरून वाईत आले आणि गणिताची बाई जागी झाली. कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का मारून घ्यायचं ठिकाण, बंद होण्याची वेळ ताशी १५ किलोमीटरने धरतात. पाचगणीचा कंट्रोल बरोबर १०० किलोमीटरवर, म्हणजे १२:४० ला बंद. वाई सोडताना १०:५५ झाले होते. पसरणीचा चढ सगळा धरून बारा किलोमीटर, सरासरी पाच टक्क्यांच्या आतबाहेर. पुढचं लहान चक्र, मागचं ३४ दातांचं सगळ्यात मोठं, आणि ताशी नऊ. खाली धोम धरणाचं पाणी दिसतं म्हणतात. मला पुढचं चाक आणि नाकावरून हँडलवर टपकणारा घाम दिसला. दोनदा उतरून उभी राहिले. एकदा पाण्यासाठी, एकदा उगीच.

१२:२२ ला शिक्का. तपासणीवाला तोच पोरगा होता. माझं कार्ड घामाने ओलं, शाई पसरायला लागली, तर त्याने ते आपल्या टीशर्टला टिपून पुन्हा नीट शिक्का मारला आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. पैसे वसूल झाले ते इथे.

आणि इथेच तक्रार. ईमेलमध्ये लिहिलं होतं, 'कंट्रोल हॉटेलात, स्वच्छतागृह उपलब्ध.' हॉटेलवाला म्हणाला, फक्त जेवणाऱ्यांसाठी. पुरुष मंडळींनी साडेसहा तासांत आपापली झाडं शोधली होती. आम्हा चौघींना शोधता आली नव्हती. शेवटी एक मिसळ मागवली तेव्हा किल्ली मिळाली. त्या एका मिसळीच्या जोरावर चौघी जाऊन आलो. तर्रीचा वास घेऊनच पोटात कालवलं, मिसळ तशीच टेबलावर राहिली. मदत न करणं हा या प्रकाराचा नियम आहे, तो मला मान्य आहे, आवडतोही. पण जे लिहिलं ते असायला हवं. आणि हॉटेलवाल्याशी आदल्या दिवशी एक फोन, एवढंच ते काम.

परतीचं थोडक्यात: पसरणीच्या उतारावर ब्रेक दाबून बोटं बधिर, खंबाटकीच्या बोगद्यात दोन्ही दिवे लावून डावी कड, शिंदेवाडीला अंधार पडायच्या बेतात, आणि पुन्हा तोच कात्रज. या बाजूने छोटा आहे, असं सांगणाऱ्याला तो १८५ किलोमीटरनंतर चढायला लावावा. ७:०४ ला पोचले, हातात सव्वीस मिनिटं. निकाल पडताळणीसाठी पॅरिसच्या क्लबकडे जातात, बीआरएम जगभर त्यांच्याच नियमांनी चालतात. माझं कार्ड 'काकू'वाल्या पोराकडे दिलं.

कोणी जावं? एकट्याने पंक्चर काढता येत असेल तर जरूर. येत नसेल तर आधी ते शिका, घाट नंतर.

मिसळीचं सगळं क्लबला लिहून कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, कारणं न देता, 'चूक आमची' म्हणून. पुढच्या महिन्यात त्यांचीच ३०० आहे, वीस तासांची. नाव घातलंय. फक्त या वेळी फी भरायच्या आधी कंट्रोलवाल्या हॉटेलांचे नंबर मागून घेतले आणि तिन्ही ठिकाणी मीच फोन करून विचारलं.