चार नोडांच्या क्लस्टरवर पॅराव्ह्यू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. सांडव्यावरून उतरणारे पाणी कोठे वळते आणि कोठे वेग घेते, याचे त्रिमितीय गणित नागपुरातील आमचा लहानसा गट ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरवर करतो. गणित क्लस्टरवर, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, रात्रभर चालून पूर्ण होत असे. अडचण होती ती निकाल डोळ्यांनी पाहण्याची. काळाच्या एकेका टप्प्याची माहिती टेबलावरच्या संगणकाच्या मेमरीत मावत नव्हती, आणि ती उतरवून घेण्यातच सकाळ संपत असे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही माहिती जागेवरच ठेवून चित्र तेवढे मागवण्याची व्यवस्था उभी केली: चार लिनक्स नोड (क्लस्टरमधले संगणक), प्रत्येकात एनव्हिडियाचे एक ग्राफिक्स कार्ड, मध्ये एक गिगाबिटचे साधे नेटवर्क, काम वाटून देण्यासाठी स्लर्म आणि या सर्वांवर निकालांची चित्रे काढणारे पॅराव्ह्यू हे सॉफ्टवेअर.

किटवेअर आणि लॉस अलामॉस प्रयोगशाळा यांनी २००० मध्ये पॅराव्ह्यूचे काम सुरू केले ते एका यंत्रात न मावणाऱ्या माहितीसाठीच, आणि त्याची रचना पाहिली की हे जाणवते. नोडांवर पीव्हीसर्व्हर या त्याच्या सर्व्हर भागाच्या प्रक्रिया चालतात, आपल्यासमोर फक्त क्लायंट, म्हणजे चित्र दाखवणारा भाग, असतो. ईजीएल या पडद्याविना चित्र काढू देणाऱ्या सोयीमुळे नोडला मॉनिटर नसला आणि पडदा हाताळणारा एक्स सर्व्हर चालू नसला, तरी कार्डाकडून चित्र काढून घेता येते. प्रत्येक नोड आपल्या वाट्याच्या माहितीचे पूर्ण आकाराचे चित्र काढतो आणि सँडिया प्रयोगशाळेची आइस-टी ही लायब्ररी प्रत्येक बिंदूची खोली ताडून चारही चित्रांचे एक चित्र करते.

आमचे नेटवर्क पाहता याच टप्प्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. रंगाचे ४ आणि खोलीचे ४ बाइट धरले, तर एका नोडचे एक चित्र सुमारे १६.६ एमबीचे होते, आणि गिगाबिट जोडणीतून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. प्रत्यक्षात आइस-टी रिकामे पिक्सेल पाठवतच नाही आणि जुळणीचे कामही नोडांमध्ये वाटून देते. आमच्या दृश्यात निम्मा पडदा मोकळाच असतो, त्यामुळे मॉडेल फिरवताना खटकण्याजोगा विलंब होत नाही.

तरीही पहिले सहा आठवडे आम्ही निराश होतो, कारण एक नोड वापरला काय आणि चार वापरले काय, वेळ तेवढाच लागत होता. आम्ही कार्डांना आणि नेटवर्कला दोष देत राहिलो. शेवटी प्रत्येक भाग कोणत्या प्रक्रियेकडे आहे हे रंगाने दाखवणारा ‘प्रोसेस आयडी’चा फिल्टर लावला, तेव्हा संपूर्ण तलाव एकाच रंगात दिसला. गणित संपल्यावर सवयीने आम्ही सर्व तुकडे जोडून एकसंध केस (ओपनफोमच्या फाइलींचा संच) करून ठेवत होतो, आणि अशी जोडलेली केस पॅराव्ह्यूमध्ये पहिली प्रक्रियाच वाचते. उरलेल्या तिघी रिकाम्या बसतात. उपाय अगदी साधा निघाला. तुकडे जोडायचेच नाहीत, आणि फाइल उघडताना केसचा प्रकार ‘डीकम्पोज्ड’ निवडायचा. त्या दिवशी पडद्यावर प्रथमच चार रंग उमटले, आणि आधी ज्या छेदासाठी चहा घेऊन यावे लागे तो बसल्या जागी मिळू लागला. व्हीटीके या पॅराव्ह्यूच्या पायाभूत लायब्ररीच्या जुन्या पद्धतीच्या एकसंध फाइलींबाबतही हाच धोका आहे. तेथे माहिती उघडल्यावर पुनर्वाटपाचा फिल्टर लावावा लागतो. नवीन कार्डासाठी पैसे मागण्यापूर्वी प्रत्येकाने ही एक तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

जोडणीची बाजू त्रासदायक असली तरी सुटण्याजोगी आहे. क्लायंट आणि सर्व्हर यांची आवृत्ती एकच असावी लागते, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंसाठी एकच ठरावीक आवृत्ती सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहे. आतले नोड बाहेरून थेट दिसत नसल्यामुळे ११,१११ क्रमांकाचे पोर्ट एसएसएच टनेलमधून, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या आतून, आणावे लागते. हे सर्व एका स्क्रिप्टमध्ये बांधून दिल्यावर विद्यार्थ्यांच्या तक्रारी थांबल्या.

पॅराव्ह्यूसारखा स्वतंत्र सर्व्हर नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही व्हर्च्युअलजीएल आणि टर्बोव्हीएनसी ही जोडी वापरतो. व्हर्च्युअलजीएल त्या सॉफ्टवेअरच्या ओपनजीएल (चित्र काढण्याच्या) आज्ञा मध्येच अडवून नोडवरच्या कार्डाकडे वळवते, आणि तयार झालेले चित्र टर्बोव्हीएनसी जेपेगच्या रूपात दाबून पाठवते. खिडकी नेटवर्कवरून आपल्या पडद्यावर आणणाऱ्या साध्या एक्स फॉरवर्डिंगशी याची तुलनाच होऊ शकत नाही. घरच्या इंटरनेटवरूनही मॉडेल फिरवता येते. मात्र यात एका सत्रामागे एकाच नोडची मेमरी वापरात येते, हे ध्यानात ठेवावे.

पाचव्या महिन्यात सर्व काही अचानक मंदावले. चारपैकी एका नोडवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत झाला होता, पण त्यासोबत कार्डाचा ड्रायव्हर नव्याने बांधला गेला नव्हता. त्रुटीचा कोणताही संदेश न देता तो नोड प्रोसेसरवरच चित्र काढू लागला, आणि जुळणीसाठी बाकीचे तिघे त्याची वाट पाहत राहिले. आता काम सुरू होण्यापूर्वी आमची स्क्रिप्ट प्रत्येक नोडवर कार्डाची स्थिती तपासते आणि कार्ड सापडले नाही, तर तेथेच थांबते.

पारदर्शकता मात्र अजूनही महाग पडते. पाण्याचा पृष्ठभाग अर्धपारदर्शक केला की कोणता भाग पुढे आणि कोणता मागे हा क्रम महत्त्वाचा ठरतो, त्यामुळे माहिती नोडांमध्ये नव्याने वाटली जाते, आणि प्रत्येक टप्प्याचे पहिले चित्र उमटेपर्यंत बराच वेळ जातो. म्हणून अभ्यास करताना आम्ही पाणी अपारदर्शकच ठेवतो. दाखवण्यासाठी लागणारी पारदर्शक चित्रे पीव्हीबॅच या पॅराव्ह्यूच्या खिडकीविना चालणाऱ्या रूपातल्या स्क्रिप्टने रात्री काढली जातात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा आमच्या खोलीतल्या यंत्रांनाही रात्रीचेच काम मानवते.