पोलंडच्या दिग्दर्शिकांचा चित्रपटसंच : निवड उत्तम, मांडणी अपुरी

एका ऑनलाइन चित्रपटसेवेने पोलंडच्या समकालीन दिग्दर्शिकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आहे. गेले तीन आठवडे मी त्यातले चित्रपट पाहत आहे. निवड मनापासून आवडली, पण मांडणीत राहिलेल्या उणिवा चित्रपटांवर अन्याय करणाऱ्या असल्याने त्यांची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात मालगोझाता शुमोव्स्का यांच्या 'बॉडी'पासून करावी. गळफास घेतलेल्या माणसाला झाडावरून खाली उतरवले जाते, अधिकारी त्याच्याजवळ उभे राहून कामाचे बोलत असतात आणि तो मेलेला माणूस उठून शांतपणे चालू लागतो. कोणतेही स्पष्टीकरण न देता शुमोव्स्का हे दाखवतात आणि पुढचा सगळा चित्रपट त्या एका दृश्याच्या छायेत उलगडतो. पत्नीच्या मृत्यूनंतर कोरडा पडलेला सरकारी वकील, अन्न नाकारणारी त्याची मुलगी आणि मृतांशी संवाद साधता येतो असे मानणारी थेरपिस्ट, या तिघांच्या दुःखाकडे दिग्दर्शिका इतक्या जवळून आणि तरीही इतक्या संयमाने पाहतात की शेवटच्या दृश्यात बाप-लेकीच्या चेहऱ्यावर हसू उमटते तेव्हा आपलेही डोळे भरून येतात. याच चित्रपटासाठी 2015 साली बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा 'रौप्य अस्वल' पुरस्कार विभागून मिळाला.

आग्नियेश्का स्मोचिन्स्का यांचा 'द लुअर' त्याच वर्षीचा, पण त्याचा पिंडच निराळा. दोन जलपरी बहिणी किनाऱ्यावर येतात आणि 1980च्या दशकातल्या वॉर्सातील नाइटक्लबमध्ये गाऊ लागतात. ही संगीतिका आहे आणि भयपटही आहे. हातात तलवार आणि ढाल घेतलेली जलपरी हे वॉर्सा शहराचे बोधचिन्ह आहे, हे माहीत असलेल्या प्रेक्षकाला या कथेत आणखी एक पदर दिसतो. सेवेने परिचयात त्यासाठी एक ओळ खर्च करायला हवी होती. त्याहून गंभीर बाब अशी की गाण्यांना सबटायटल्सच दिलेली नाहीत, आणि कथेचा मोठा भाग तर गाण्यांतूनच पुढे सरकतो.

आना यादोव्स्का यांचा 'वुमन ऑन द रूफ' मला सर्वांत जास्त भिडला. मिर्का ही साठीतली सुईण एके दिवशी घरातला स्वयंपाकाचा चाकू घेऊन बँक लुटायला जाते. तो प्रयत्न फसतो, पण चित्रपटाला चोरीपेक्षा तिच्या घरातली शांतता महत्त्वाची वाटते, जिथे तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी नीट पाहिलेलेच नाही. दोरोता पोमिकावा यांनी थकलेले खांदे आणि अर्ध्यावर थांबणारी वाक्ये यांतून ही बाई उभी केली आहे.

आग्नियेश्का हॉलंड यांचा 'ग्रीन बॉर्डर' हा पोलंड-बेलारूस सीमेवरच्या जंगलात अडकलेल्या निर्वासितांवरचा कृष्णधवल चित्रपट. 2023 साली व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला, तर मायदेशात तेव्हाच्या सरकारातील मंत्र्यांनी त्यावर जाहीर टीका केली. तो एका बैठकीत आणि सलग पाहावा.

माझी मुख्य तक्रार या विभागाच्या प्रस्तावनेविषयी आहे. दिग्दर्शिकांची ही सारी लाट एकाएकी उसळली, असा तिचा सूर आहे. प्रत्यक्षात ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेल्या दिग्दर्शिका वांदा याकुबोव्स्का यांनी त्याच छावणीच्या जागेवर चित्रीकरण करून 1948 साली 'द लास्ट स्टेज' प्रदर्शित केला होता. पुढे बार्बारा सास आणि दोरोता केंजेझाव्स्का यांनीही आपापल्या वाटा घडवल्या. स्वतः हॉलंड 1970च्या दशकापासून काम करत आहेत. अलीकडे जे बदलले त्यात पैशाचा वाटा मोठा आहे : 2005 साली पोलिश फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, दूरचित्रवाहिन्या, केबल कंपन्या आणि चित्रपटगृहे यांच्या उत्पन्नाचा दीड टक्का चित्रपटांकडे वळला आणि पहिला चित्रपट करणाऱ्यांनाही दार उघडले. या सर्वांचा प्रस्तावनेत उल्लेखही नाही.

तरीही वर्गणी भरून हा विभाग पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र 'द लुअर' पाहण्याआधी गाण्यांचा अनुवाद कुठे मिळतो का, ते शोधून जवळ ठेवावा.