एसीचं काम: आयटीआय की दुकानात उमेदवारी?

भाचा दहावी झाला आणि विचारू लागला, "मामा, आयटीआयला जाऊ की दुकानातच शिकू?"

आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड 2 वर्षांचा; सरकारी संस्थेत फी बेताची. दुकानात सुरुवातीपासून थोडेफार पैसे हाती येतात, आणि घर अडचणीत असेल तर ही मोठी गोष्ट आहे.

हात मात्र दुकानातच बसतो. एप्रिल-मेमध्ये एकामागून एक एसी उघडावे लागतात. गॅस कुठून गळतोय हे साबणाच्या फेसात फुगणारा एक बुडबुडा शिकवतो. पण 'असं का' हे सांगायला तिथं कुणाला सवड नसते. व्हॅक्यूम पंप न लावताच गॅस भरणारे मिस्त्री मी पाहिलेत. आत राहिलेली हवा आणि ओल कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते. शिवाय एसीत भरतात तो आताचा आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, त्याला जुन्या आर-22 सारखं हाताळून चालत नाही. अशा वेळी आयटीआयमध्ये शिकलेला पायाच कामी येतो.

रेल्वेसारख्या नोकरीत तर प्रमाणपत्र आधी मागतात.

लगेच कमाई हवी, पुढे स्वतःचं दुकान टाकायचंय, त्यानं उमेदवारी करावी. नोकरी हवी त्यानं आयटीआय, आणि सुट्टीत दुकान. भाच्याचा मी आयटीआयचाच फॉर्म भरला.