ऑफिसात कोणी एकटं पडलंय का, हे मोजणारी प्रश्नावली: कामाची, पण जपून वापरा

‘ऑफिसात खूश आहात ना?’ असं एचआरने विचारलं की सगळे ‘हो’ म्हणून मोकळे होतात. फेरिस, ब्राऊन, बेरी आणि लियान या संशोधकांची २००८ ची दहा प्रश्नांची प्रश्नावली त्याहून कितीतरी सरस आहे, कारण ती काय घडलं तेवढंच विचारते. तुमच्या नमस्काराला उत्तर मिळत नाही का? भरलेल्या कॅन्टीनमध्ये मनात नसताना एकट्याने बसावं लागतं का? बाकीचे चहा-कॉफीला निघताना तुम्हाला विचारत नाहीत का? उत्तरं ‘कधीच नाही’ (१) ते ‘नेहमी’ (७) अशी. पाच-सात मिनिटांत भरून होते.

आध्यात्मिक नेतृत्वाचे कार्यक्रम घेणाऱ्या कंपन्यांनी ती कार्यक्रमाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्यावी. व्यवस्थापनाचे अभ्यासक लुईस फ्राय यांच्या २००३ च्या मांडणीत अशा नेतृत्वाचे तीन भाग आहेत: ध्येयदृष्टी, आशा-श्रद्धा आणि निःस्वार्थ प्रेम. त्यातून कामाला अर्थ यावा आणि ‘मी इथलाच’ असं प्रत्येकाला वाटावं, ही अपेक्षा. त्यासाठी धर्म मध्ये आणायची गरज नाही. आपल्याकडे मात्र त्याचं कित्येकदा सक्तीचं सत्संग होतं. ज्याचा धर्म वेगळा किंवा ज्याला हे पटत नाही, तो प्रसाद वाटताना आपल्या टेबलापाशीच बसून राहतो. हे अजिबात क्षुल्लक नाही.

सगळ्यात मोठी चूक सरासरीची. प्रत्येकाचा गुण म्हणजे त्याच्या दहा उत्तरांची सरासरी. बारा जणांच्या टीममध्ये अकरा जणांचा गुण १ आणि एकाचा ६ असेल, तर टीमची सरासरी येते १.४. अहवालात ‘वातावरण उत्तम’, आणि तो एक जण तसाच. म्हणून सरासरीसोबत सर्वांत जास्त गुण आणि ४ च्या वरचे किती, हेही बघा. मग ‘हा कोण?’ म्हणून शोधत मात्र बसू नका. तसं एकदा झालं की पुढच्या वेळी सगळेच १ भरतात. गूगल फॉर्ममध्ये ईमेल पत्ते गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा, वय आणि पद विचारू नका, आणि फॉर्म थेट साहेबांकडून पाठवू नका.

एक उणीव आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमधून वगळण्यावर यात प्रश्नच नाही, आणि आज निम्मं राजकारण तिथेच चालतं. तो अकरावा प्रश्न म्हणून जोडा, पण त्याचे गुण वेगळे ठेवा. मूळ दहांत मिसळले तर आधीच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही.